भात स्वस्त, तांदूळ महाग

"भात स्वस्त असतं आणि तांदूळ महाग असतो," हे आमच्या मामांचं आवडतं वाक्य. शहरात वाढलेल्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा. आमच्याकडे शेतात उभं असतं ते भात, गिरणीतून भरडून निघतो तो तांदूळ, आणि शिजून ताटात येतो तो पुन्हा भातच. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात असते तोवर वस्तू स्वस्त, आणि त्याच्या हातून सुटली की महाग. मामांचं सगळं अर्थशास्त्र आणि बरंचसं राजकारण या एका वाक्यात बसतं.

मामांनी आता पंच्याऐंशी ओलांडली. कर्जत आणि खालापूर यांच्या मधल्या एका गावात (नाव मुद्दामच लिहीत नाही, गाव लहान आहे आणि हा ब्लॉग वाचणारे दोघेतिघे तिथेही आहेत) त्यांनी सत्तर पावसाळे भात लावलं. शिक्षण सातवीपर्यंत, पण रेडिओवरच्या बातम्या कधी चुकवल्या नाहीत. शेती, महागाई, परदेशी व्यापार, निवडणूक, कशावरही विचारा, मत तयार असतं. आणि ते ठाम असतं.

सध्या आमच्याकडे एक प्रश्न उभा आहे. मामांची खाचरं विकायची की नाही? सातबाऱ्यावर मामांबरोबर माझ्या आईचं आणि मावशीचंही नाव आहे (आजोबा गेल्यावर बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची पद्धत आमच्या मामांनी पाळली नाही, हे त्यांचं मोठेपण). तेव्हा निर्णय सगळ्यांचाच आहे. फोनवर याची चर्चा सुरू झाली की दहाव्या मिनिटाला आवाज चढतात. म्हणून म्हटलं, मामांची मतं एकेक करून इतिहासाला लावून बघावीत. कुठली टिकतात, कुठली नाहीत, हे एकदा शांतपणे लिहून काढावं. घरच्या मंडळींनी वाचावं, बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

मत पहिलं : "आमचा भाव बोटीतनं येतो."

हे मामा हल्लीच्या जागतिकीकरणाबद्दल म्हणतात असं वाटेल, पण गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

रेल्वे आमच्याकडे फार लवकर आली. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची, आणि खोपोलीपर्यंतचा रूळ १८५६ चा. घाट अजून फोडायचा होता, त्यामुळे उतारू खोपोलीला उतरून पालखीने किंवा पायी खंडाळ्याला चढत. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. त्याआधी या पट्ट्यातलं भात बैलगाडीने पनवेलच्या बंदरावर जाई आणि तिथून गलबतांनी मुंबईला. गाडीमुळे मुंबई काही तासांवर आली. आता शेतकऱ्याचं भलं व्हायला हवं होतं, नाही का?

पण मुंबईच्या बंदरात आणखी एक तांदूळ उतरत होता. १८५२ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा खालचा भाग घेतला आणि इरावतीच्या मुखाकडची दलदल साफ करून तिथे अफाट भातशेती उभी राहिली. तो तांदूळ सगळ्या जगात जाऊ लागला आणि मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ताटातही आला. आमच्या कोळंब्याची तुलना आता रंगूनच्या तांदळाशी होऊ लागली. १९२९ नंतर जगभर मंदी आली तेव्हा धान्याचे भाव कोसळले, आणि आमच्याकडच्या खळ्यावरही कोसळले. ज्या माणसाने अमेरिकेचं नावही ऐकलं नव्हतं, त्याच्या भाताचा भाव तिथल्या शेअर बाजारानंतर पडला.

म्हणजे मामांचं वाक्य शब्दशः खरं निघतं. आमचा भाव बोटीतून येई. फक्त बोट ब्रह्मदेशाची होती, आणि ती १९९५ च्या कितीतरी आधी येत होती.

मत दुसरं : "पूर्वी घरात धान्य असायचं."

इथे मात्र मामांशी भांडायला हवं. घरात धान्य असायचं हे खरं, पण कोणाच्या घरात?

आमचे पणजोबा कूळ होते. जमीन सावकाराची, घाम यांचा, आणि पीक निघालं की निम्मं मालकाचं. त्यातून बियाण्याचं वाढीदिढीने फेडायचं. म्हणजे पावसाळ्यात एक मण घेतलं तर सुगीला दीड मण द्यायचं. उरलेलं शिमग्यापर्यंत पुरायचं. पुढे नाचणी, वरी, आणि मग रानातले कंद. आजीच्या सगळ्या गोष्टींमध्ये आषाढ हा भुकेचा महिना असायचा. खाचरात लावणी चालू आणि लावणाऱ्याच्या पोटात काही नाही.

याच कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव १९८१ चं, आमचा कर्जत तर १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर हा कर्जतचाच पेटा) अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ मध्ये कुळांनी संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. पंचवीस गावांतल्या शेतकऱ्यांनी मालकाच्या जमिनीत नांगर घालायचं नाकारलं आणि ते सहा वर्षं, १९३९ पर्यंत, चाललं. शेतकऱ्यांनी आपली शेती पडीक टाकून सहा वर्षं संप करणं म्हणजे काय, हे ज्याने खळं बघितलंय त्यालाच कळेल. लोकांनी लाकूडफाटा विकला, मोलमजुरी केली, पण मालकाच्या शेतात पाऊल ठेवलं नाही. डॉ. आंबेडकर या लढ्यात बरोबर होते. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला.

आणि आपल्या अगदी अंगणातलं नाव म्हणजे भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचा, १९१२ चा. वकील झालेला माणूस. बहुतेकांना त्यांचा आझाद दस्ता आठवतो, १९४२ मध्ये मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारा. आणि २ जानेवारी १९४३ ची सिद्धगडची पहाट, जिथे ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. पण त्याआधीचे कोतवाल मला जास्त जवळचे वाटतात. त्यांनी या भागातल्या खेड्यांत शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या सुरू केल्या. कल्पना साधी होती. सुगीला सगळ्यांनी थोडं थोडं धान्य एकत्र ठेवायचं आणि पावसाळ्यात गरज लागेल त्याने तिथून न्यायचं, सावकाराच्या दारात जायचं नाही. वाढीदिढी ज्या दोन महिन्यांच्या भुकेवर जगत होती, त्या भुकेचीच सोय त्यांनी केली.

तेव्हा मामा, पूर्वी घरात धान्य असायचं हे वाक्य आपण मालकांच्या नातवंडांना बोलू द्यावं. आपल्या घरात ते १९५७ नंतर आलं.

१९५७ म्हणजे कूळकायदा. मूळ कायदा १९४८ चा. दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी जो कसत होता तो जमिनीचा मालक मानला गेला. मामा तेव्हा सतरा-अठराचे. ते म्हणतात, त्या वर्षी आजोबांनी लावणीच्या आधी बांध दुरुस्त केला. इतकंच. मला हे फार बोलकं वाटतं. दुसऱ्याच्या जमिनीचा बांध कोण मन लावून घालतो?

अर्थात सगळ्यांचं असं झालं नाही. अनेक मालकांनी कायदा यायच्या आधीच कुळं काढून टाकली, कागदावर नावं फिरवली. आणि कातकऱ्यांचं तर कुठल्याच कागदावर नाव नव्हतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

मत तिसरं : "सरकार मुंबईला घाबरतं, आम्हाला नाही."

हे मत मला सगळ्यात भक्कम वाटतं.

१९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं मेली आणि मुंबईत रेशनिंग आलं. शहराला ठराविक भावात धान्य द्यायचं म्हणजे ते खेड्यातून ठराविक भावात काढायचं, ही व्यवस्था तेव्हापासूनची. स्वातंत्र्यानंतर रफी अहमद किडवाईंनी १९५४ मध्ये नियंत्रणं उठवली, पण दहा वर्षांत ती परत आली.

१९६४-६५ पासून वसंतराव नाईकांच्या सरकारने भात आणि ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापाऱ्याला विकायचं नाही, सरकारच घेणार. त्यावर लेव्ही, म्हणजे ज्याची जमीन जास्त त्याने जास्त घालायची. भाव सरकारचा. काळ कठीण होता हे मान्यच करायला हवं. १९६५ आणि १९६६ ही देशभरच्या दुष्काळाची वर्षं. अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हावर देश जगत होता. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं नाईक जाहीर सभेत म्हणाले ते याच काळात. त्याच १९६५ च्या जानेवारीत अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग, दोन्ही संस्था जन्माला आल्या. आजचा हमीभाव तिथून सुरू होतो.

मामांच्या आठवणीतली लेव्ही मात्र वेगळी आहे. मुंबईत तांदळाला भाव, आणि आपल्याला तो तिथे न्यायची बंदी. मग काय व्हायचं तेच झालं. कर्जत लाइनच्या गाड्यांमधून बायका तांदूळ नेऊ लागल्या. पोटाशी पिशव्या, कडेवरच्या पोराखाली पिशव्या, भाजीच्या पाटीच्या तळाशी पिशव्या. वाटेत तपासणी. पकडलं तर तांदूळही जायचा आणि दंडही व्हायचा. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत याला 'तांदळाची चोरटी आयात' म्हणत. आमच्या एका चुलतआजीने या धंद्यावर दोन मुलांना मॅट्रिकपर्यंत शिकवलं. स्वतःच्या शेतातला तांदूळ साठ-सत्तर किलोमीटरवर विकायला नेणं हा गुन्हा होता, हे आजच्या पिढीला सांगितलं तर खरं वाटत नाही.

यात मुंबईचा दोष आहे का? नाही. गिरणी कामगार कोण होते? आमच्याच घाटावरचे आणि कोकणातले धाकटे भाऊ. रेशनच्या रांगेतही आपलाच माणूस होता. पण दोन भावांपैकी कोणाच्या ओरड्याने मंत्रालय हलतं, हे उघड आहे. महागाईचा मोर्चा मुंबईत निघतो. भाव पडल्याचा मोर्चा निघेपर्यंत भात विकलं गेलेलं असतं.

मत चौथं : "भाव चढला की दार लावतात."

मामा शरद जोशींचे चाहते. जोशी स्वित्झर्लंडमधली युनोच्या टपाल संस्थेतली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेऊन बसले. आमच्यापासून घाट चढला की तसं जवळच. १९८० मध्ये कांद्यासाठी त्यांनी रस्ता अडवला आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा महाराष्ट्रभर गेली. भाताच्या कोकणात शेतकरी संघटना कधी फार रुजली नाही. खाचरं लहान, अर्धी माणसं गिरणीत किंवा कंपनीत. पण मामा सभांना जात.

जोशींचा मुद्दा असा होता की सरकार शेतकऱ्याला सबसिडी देतं हा भ्रम आहे. खत-विजेत जे देतं त्याच्यापेक्षा निर्यातबंदी, लेव्ही आणि आयात करून जास्त काढून घेतं. याला ते उणे सबसिडी म्हणत. म्हणूनच डंकेल प्रस्तावाला देशभर विरोध होत असताना (कर्नाटकात नंजुंडस्वामी तर रस्त्यावर उतरले होते) जोशींनी त्याचं स्वागत केलं. जगाचा बाजार उघडला तर आपलं सरकार तरी गळा दाबणार नाही, हा त्यांचा हिशेब. पुढे २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी मिळून केलेल्या अभ्यासात हाच आकडा निघाला. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के होता. म्हणजे त्याच्या मिळकतीतून तेवढं उलट बाहेर गेलं.

आता तांदळाचंच बघा. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये बासमती सोडून बाकीच्या तांदळाची निर्यात अडवली गेली. २००८ मध्ये जगात तांदळाचा भाव कडाडून टनाला हजार डॉलरला भिडला. आपल्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य. बंदी उठली २०११ मध्ये, भाव खाली आल्यावर. पुन्हा २० जुलै २०२३ ला साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद, आणि २८ सप्टेंबर २०२४ ला खुली. आणि हा देश जगाच्या तांदूळ व्यापारातला सुमारे ४० टक्के वाटा उचलतो! दार लावलं की जगभर भाव चढतात आणि आपल्या खळ्यावर पडतात.

मामा म्हणतात, "चढला की दार बंद, पडला की दार उघडं. मग बाजार खुला कधी होता रे?" याला उत्तर देता येत नाही.

पण इथेही एक बाजू मामा सोडून देतात. तांदूळ महाग झाला की आधी कोण उपाशी राहतं? शहरातला गरीब, आणि आपल्याच गावच्या वाडीवरचा कातकरी, ज्याला धान्य विकत घ्यावं लागतं. जोशींच्या हिशेबात हा माणूस नीट दिसत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन रुपये किलोने तांदूळ दिला आणि २०२३ पासून तो फुकट झाला. मामा त्याला नावं ठेवतात. "फुकट तांदूळ मिळतो म्हणून लावणीला कोणी येत नाही," म्हणतात.

मत पाचवं : "मजूर मिळत नाही."

मिळत नाही हे खरं. पण मिळत होता तेव्हा कसा मिळत होता, हेही लिहायला हवं, कारण हा आपल्याच घरचा इतिहास आहे.

आमच्या खाचरात लावणी करायच्या त्या ठाकूर आणि कातकरी बायका. दिवसभर कंबरेत वाकून, डोक्यावर इरलं, पायाच्या बोटांत चिखल्या. मोबदला पायलीभर भात आणि दुपारची भाकरी. पावसाळा संपला की हीच कुटुंबं मुलाबाळांसकट वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायची, आधी घेतलेल्या उचलीच्या बदल्यात. ही उचल म्हणजे आपल्या पणजोबांची वाढीदिढीच, फक्त तिच्यात भाताच्या जागी माणूस गहाण. कूळकायद्याने आमच्या घराला जमीन दिली, त्यांना नाही, कारण ते कूळ नव्हते, मजूर होते. तेव्हा आज त्यांच्या घरात रेशनचा तांदूळ आहे म्हणून आषाढात कोणी आपल्या दारात येत नसेल, तर भाई कोतवालांच्या कोठ्यांनी जे करायचं होतं तेच थोडंफार झालं म्हणायचं. मामांना हे पटणार नाही. तरी लिहितो.

आणि मजूर नाही म्हणून शेती बंद करायची, असंही नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून परत आले, १९८० च्या दशकात त्यांनी शेतावर पर्यटन सुरू केलं, आणि पुढे भाताची 'एसआरटी' म्हणजे सगुणा भात तंत्र ही पद्धत बसवली. कायमचे गादीवाफे, नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. बी टोकायचं, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. माणसं कमी लागतात आणि माती वाहून जात नाही. मामांना सांगितलं तर म्हणाले, "चिखलणीशिवाय भात म्हणजे हळदीशिवाय लग्न." पण दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात जाऊन उभं पीक बघून आले, आणि काही बोलले नाहीत. मामा काही बोलत नाहीत याचा अर्थ घरच्यांना माहीत आहे.

शास्त्राच्या बाबतीत आपला तालुका तसा भाग्यवान. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचं. आमच्या कोळंब्याचा तैवानच्या एका बुटक्या जातीशी संकर करून त्यांनी 'कर्जत-१८४' काढली. नंतर कर्जत-३, कर्जत-७, सह्याद्री हा संकरित वाण. पाण्याचंही तसंच. टाटांचं भिवपुरीचं वीजघर १९२२ चं. घाटावर मावळात पाणी अडवायचं, खाली सोडून वीज करायची. वीज मुंबईला गेली, पण टर्बाइनमधून सुटलेलं पाणी राजनाल्याच्या कालव्याने कर्जतच्या काही गावांना मिळालं आणि तिथे उन्हाळी भात पिकतं. ज्यांच्या गावांवर धरणं आली त्या मावळकरांच्या वाट्याला बुडालेली जमीन आली. मुळशीत सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याचाच. एकाचं पाणी दुसऱ्याचं पीक होतं, हे लक्षात ठेवलेलं बरं. आमची खाचरं राजनाल्यावर नाहीत. पावसाचं एक पीक, आणि मग ओलीवर वाल.

आता जमिनीचं.

हिशेब मांडतो. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. सरकारी हिशेबाने एक क्विंटल भरडलं की ६७ किलो तांदूळ निघतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात तांदळाच्या किलोला पस्तीस रुपयांच्या आसपास. डोंबिवलीत आमच्या खालच्या दुकानात कोलम साठ-सत्तरच्या खाली नाही. भरडाई, वाहतूक, हमाली सगळं धरलं तरी मधलं अंतर मोठं आहे. आणि हमीभाव तरी मिळतो का? खरेदी सुरू व्हायला उशीर, बारदान नाही, पैसे नंतर. मुलांची फी थांबत नाही, म्हणून बरेचजण आधीच व्यापाऱ्याला घालतात. सरकार अधूनमधून बोनस देतं, २०२३-२४ च्या हंगामासाठी हेक्टरी वीस हजार, दोन हेक्टरपर्यंत. तो मिळाला म्हणून मामांनी घरावरचे पत्रे बदलले. पण बोनस हा भाव नव्हे. तो दरवर्षी मागावा लागतो.

दुसऱ्या बाजूला जमिनीचा भाव. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे झाला आणि खालापूर मुंबई-पुण्याच्या बरोबर मध्ये आलं. २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे 'नैना'त, या पट्ट्यातली गावं घेतली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटनही झालं. कुळाच्या जमिनी विकायला पूर्वी परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीने दहा वर्षं उलटलेल्या जमिनींना आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती वाट मोकळी झाली. आज आमच्या खाचराचा भाव भातावर ठरत नाही, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर ठरतो.

मामेभाऊ म्हणतो, सगळं भात शंभर वर्षं विकलं तरी एवढे पैसे येणार नाहीत. गणित बरोबर आहे. माझा आक्षेप गणिताला नाही.

माझा मुद्दा एवढाच. वर लिहिलेल्या दीडशे वर्षांत आमच्या घराला भाव कधीच ठरवता आला नाही. तो रंगूनने ठरवला, सावकाराने, लेव्हीने, दिल्लीच्या अधिसूचनेने. एकच गोष्ट आमच्या हातात आली, १९५७ मध्ये, ती म्हणजे जमीन. आणि जमीन सोडतानाही ज्यांनी घाई केली नाही त्यांनाच काही मिळालं. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा उरणच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत लढा दिला, पाचजण गोळीबारात गेले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचं तत्त्व आलं. पेणकडे २००८ च्या सप्टेंबरमध्ये बावीस गावांनी सेझबद्दल मतदान केलं आणि पुढे ते भूसंपादनच बारगळलं. एकेकट्याने सही केलेल्यांच्या गोष्टी कोणी लिहून ठेवत नाही. त्या गाड्यांच्या आणि बारच्या रूपात हायवेवर दिसतात.

म्हणून आईच्या हिश्श्यापुरतं माझं मत लिहून ठेवतो. आईला विचारूनच लिहितोय. रस्त्याकडचा वरकस तुकडा, जिथे आता गवतच असतं, तो विकायला आमची हरकत नाही. मामेभावाच्या मुलीच्या शिक्षणाची गरज खरी आहे आणि ती भातातून भागणार नाही. खालची खाचरं मात्र विकू नयेत. त्यातल्या एका खाचरात या जूनला गादीवाफे करून बघावेत, खर्च आम्ही देऊ. भात भरडून तांदूळ करूनच विकावा. डोंबिवलीत आमच्या सोसायटीतली वीस घरं घ्यायला तयार आहेत, मी विचारलंय. मधल्या तीस रुपयांतले पंधरा जरी आपल्याकडे राहिले तरी मामांच्या वाक्यात थोडा फरक पडेल. आणि ज्या ठाकूर कुटुंबाने चाळीस वर्षं आपली लावणी केली, त्यांना एखादं खाचर कसायला द्यायचं का, हेही बोलावं. कूळ होण्याची भीती लोक लगेच घालतील. आपण स्वतः कुळाचे नातू आहोत, एवढं आठवून मग बोलू.

मामांना हे सगळं वाचून दाखवायचं काम धाकट्या मामेबहिणीचं. मजुरांचा भाग गाळू नकोस.

बाकी वाचकांपैकी ज्यांच्या घरात असाच सातबारा आहे, त्यांनी आपल्याकडे काय ठरलं ते जरूर लिहा. आमच्याकडे दिवाळीनंतर, मळणी झाली की सगळे बसणार आहोत.